कुत्र्यासाठी छोट्या अंगणात कृत्रिम गवत बसवावे का? किती उंचीचे घ्यावे आणि वास येतो का?

छत्रपती संभाजीनगरात १० बाय १२ फुटांचे मागचे अंगण, त्यात लॅब्रॉडॉर, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ. अशा जागी कृत्रिम गवत बसवावे का, किती मिलिमीटरचे घ्यावे, वास येतो का आणि खर्च किती, असे आपण विचारले आहे. उंचीचे उत्तर एका ओळीत संपते: २५ ते ३० मिलिमीटर पुरे, त्याहून उंच गवतात विष्ठा अडकते आणि निघता निघत नाही. वासाचे उत्तर मात्र लांबणार आहे, कारण याच प्रश्नावरून माझे आणि माझ्या थोरल्या बंधूंचे आजतागायत पटलेले नाही.

दादा लातूरला राहतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये त्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि तेव्हा बसलेली पाण्याची धास्ती लातूरकरांच्या मनातून अजून गेलेली नाही. अंगण हिरवे हवे, पण त्याला पाणी घालायचे नाही, या विचाराने त्यांनी कृत्रिम गवत घ्यायचे ठरवले. मी बांधकामांवर देखरेखीचे काम करतो, त्यामुळे जुन्या कोब्याचा उतार नहाणीकडे नाही, कंपाउंडच्या भिंतीकडे आहे, तो आधी फोडून घ्या, असे मी त्यांना काम सुरू होण्यापूर्वीच सांगितले होते. ‘गवत बसवायला कोणी इंजिनिअर बोलावतो का?’ असे सर्वांसमक्ष म्हणून त्यांनी विषय संपवला. दुकानदाराच्या माणसांनी कोब्यावर सोल्यूशन फासून एका दुपारीत गवत चिकटवले आणि ‘आता पाण्याचा थेंब लागणार नाही’ असे सांगून ते निघून गेले.

दादांकडे कारवान जातीचा कुत्रा आहे. त्याने लघवीसाठी तुळशी वृंदावनामागचा भिंतीलगतचा कोपरा धरला, म्हणजे उतार संपतो नेमका तोच. लघवीतील युरियाचा जिवाणूंमुळे अमोनिया होतो. उघड्या जमिनीत ती मुरते आणि मातीच तिची विल्हेवाट लावते, पण कोबा आणि गवताची पाठ यांच्यामध्ये सापडलेली लघवी तेथेच सुकते आणि ओल लागली की तिचा वास पुन्हा उठतो. मृगाची पहिली सर आली त्या संध्याकाळी वहिनींना स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यावी लागली. तेव्हापासून त्या कोपऱ्यावर रोज बादल्या रिकाम्या होतात आणि दादा तरीही गवताने पाणी वाचते असेच पाहुण्यांना सांगतात. कुत्रा नसलेल्या घरात ते वाचतही असेल. कुत्रा असलेल्या घरात वाचत नाही.

उन्हाचे तर बोलायलाच नको. जिवंत गवत पात्यांमधून पाणी बाहेर टाकून स्वतःला थंड ठेवते. प्लास्टिकच्या पात्याला ती सोय नाही, त्यामुळे मे महिन्याच्या भर उन्हात ते ६० अंशांच्या पुढे सहज जाते. करोनाच्या काळातला कपाळावर धरायचा तापमापक मी दादांच्या गवतावर धरला, तेव्हा त्याने आकडा न देता नुसते ‘हाय’ दाखवले. कुत्रा पायरीच्या सावलीत उभा राहून एकेक पंजा गवताला लावून पाहत होता आणि मागे घेत होता. पाणी शिंपडल्याने हा ताप उतरतो, पण थोडाच वेळ. मुळात ही वस्तू नावारूपाला आली ती १९६६ साली ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम या छत असलेल्या स्टेडियममध्ये, कारण छताची तावदाने रंगवल्यावर आतले खरे गवत उन्हावाचून मेले होते. ऊन पोचत नाही तेथली ही सोय आपण मराठवाड्याच्या उन्हात अंथरतो, तेव्हा वर शेडनेट किंवा कडुनिंबाची सावली नसेल तर कुत्र्यासाठी ती बसवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सावली असेल तर पुढचे सारे लक्ष गवताखाली द्यावे. अंगणात काळी माती असल्यास ती फूटभर तरी काढून टाकावी, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर केलेला थर समपातळीत राहत नाही. त्या जागी मुरमाचे पातळ थर पाणी मारून धुमसाने ठोकावेत, त्यावर बारीक खडी घ्यावी आणि १० फुटांना दीड इंच उतार सोडून तो नहाणीकडेच न्यावा. गवताच्या पाठीला सर्वत्र भोके आहेत ना, हे उलटून पाहावे. पात्यांमध्ये भरायला साध्या वाळूपेक्षा झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे दाणे चांगले, कारण ते अमोनिया धरून ठेवतात. तरीही ते अधूनमधून धुवावे लागतातच. नळाला आठवडा आठवडा पाणी येत नसेल, तर आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी पिंपात साठवून या कामाला वापरावे. ब्लीचिंग पावडर मात्र कधीही टाकू नये, लघवीतील अमोनियाशी तिचा संयोग होऊन घातक वायू तयार होतो.

दादांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, त्यांना मिळालेले गवत मंडपाच्या सजावटीला वापरतात त्या प्रकारचे, पाठीला एकही भोक नसलेले होते. उत्तरेकडच्या सावलीतल्या अंगणात किंवा गच्चीच्या आडोशाला, लहान चणीच्या कुत्र्यासाठी, भोके असलेले कृत्रिम गवत नीट बसवल्यास चांगले चालते. पिल्लू कुरतडणारे असेल तर थांबावे, पोटात गेलेले धागे आतड्यात अडकू शकतात. खर्चाचा आकडा मी देत नाही, कारण दुकानदार सांगतो तो भाव गवताच्या चौरस फुटाचा असतो. खोदाई, मुरूम, खडी आणि मजुरी यांचे भाव त्याच्याकडून वेगळे आणि लेखी मागावेत, तो टाळाटाळ करू लागला तर दुसरा पाहावा. दादा हे वाचतीलच. त्यांनी दिवाळीपूर्वी कोबा फोडायचे मनावर घेतले, तर माणसे मी पाठवतो; मजुरी मात्र त्यांनी द्यावी.