पोलिसांवरचा थ्रिलर खरा वाटायला हवा असेल तर बंदुकीपासून सुरुवात करू नका

तुमचा प्रश्न असा: ‘मी पोलीस ॲक्शन थ्रिलर लिहितोय, आराखडा सोबत पाठवतोय. मुंबईतल्या दोन टोळ्या, मध्ये एक प्रामाणिक इन्स्पेक्टर, वर भ्रष्ट साहेब. खरं वाटावं म्हणून काय लक्षात ठेवू? आणि शेवटी नायक मरावा की जिंकावा?’

आधी माझी ओळख, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. वडील मुंबई पोलिसांत हवालदार. बालपण नायगावच्या पोलीस लायनीत गेलं. मी स्वतः गेली वीस-बावीस वर्षं फौजदारी वकिली करतो. गोळीबार एकदाही पाहिलेला नाही. पंचनामे मात्र हजारभर वाचले असतील, आणि माझ्या मते तुमची गोष्ट तिथेच आहे.

तुमच्या आराखड्यात साहेब पैशांची बॅग घेतो आणि टोळीला सोडतो. असं होत नाही असं नाही, पण ते फार सोपं झालं. तुम्ही ज्या काळाबद्दल लिहिताय, साधारण 1982 ते 2000, त्या काळात पोलिसांना खरी गरज होती ती खबरीची. कोण कुठल्या खोलीत झोपलाय, कोण कुठल्या गाडीने येतोय. ही खबर द्यायचं कोण? भाजीवाला नाही देऊ शकत, त्याला ठाऊकच नसतं. ती देणार समोरची टोळी.

मी शाळेत असताना आमच्या भागात एका टोळीचा पोरगा चकमकीत गेला. पेपरात साहेबांचा फोटो, लायनीत पेढे. वडील जेवता जेवता आईला म्हणाले, ‘याचं दुकान बंद झालं, आता गल्लीत हप्ता कोण गोळा करणार ते बघ. खबर त्यानेच दिली असणार.’ दोन महिन्यांत तसंच झालं. त्या साहेबांनी पैसे घेतले असतील की नाही, मला माहीत नाही. कदाचित एक रुपयाही घेतला नसेल. तरी एका टोळीचं काम सरकारी गोळीने झालंच ना? तुमच्या साहेबाला मी असाच ठेवला असता: बॅगेला हात न लावणारा, स्वतःला स्वच्छ समजणारा, आणि तरीही टोळीच्या कामाला आलेला. बॅगवाला साहेब प्रेक्षक पहिल्या भागातच ओळखतो.

दुसरं, टोळ्या भांडतात कशावरून? पटकथांत बहुतेक वेळा अपमानावरून किंवा बाईवरून भांडतात. अपमान असतोही. पण खाली जमीन असते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. लालबाग-परळच्या चाळींत कमावता बाप घरी बसला आणि पोरं नाक्यावर गेली. पुढे गिरण्यांच्या जमिनींना भाव आला. 7 मे 1994 ला गिरणीमालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीला भर रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. गिरणीच्या जमिनीसाठी त्यांनी एका टोळीशी जवळीक केली म्हणून दुसरीने काटा काढला, असा तपासाचा रोख होता. 16 जानेवारी 1997 ला पवईत दत्ता सामंतांचा खून झाला. म्हणजे मालकही गेला आणि कामगारांचा पुढारीही. तुमच्या दोन टोळ्यांना भांडायला एक बंद गिरणी द्या, तिचा भोंगा कधीकाळी कितीला वाजायचा ते एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडी घाला. बाकी सगळं आपोआप रांगेत येतं.

हत्यारांबाबत एक सूचना. 80च्या दशकातल्या प्रसंगात सगळ्यांच्या हाती एके-47 देऊ नका. तेव्हा गुप्ती, चॉपर, फार तर गावठी कट्टा किंवा रिव्हॉल्वर. गुंड मान्या सुर्वेला पोलिसांनी वडाळ्यात 11 जानेवारी 1982 ला मारलं, तो काळ रिव्हॉल्वरचा. दहा वर्षांत चित्र पालटलं. 12 सप्टेंबर 1992 ला पहाटे जे. जे. रुग्णालयात घुसून दाऊद टोळीने गवळी टोळीच्या शैलेश हळदणकरला मारलं, तेव्हा एके-47 चालली. त्याच्यावर पहारा देणारे दोन पोलीस शिपाईही त्यात गेले. या दोघांवर कुणी पटकथा लिहीत नाही. माझे वडील त्या दिवशी ड्यूटीवरून आले ते बूटही न काढता खाटेवर बसून राहिले होते, हे मला अजून आठवतं.

आता लाच. तुम्हाला लाचेचा एकच प्रसंग लिहायचा असेल तर गोंडघर फाट्याचं प्रकरण वाचा. जानेवारी 1993, रायगड जिल्हा. दिघीला उतरलेला तस्करीचा माल घेऊन ट्रक निघाले, स्थानिक पोलिसांनी ते फाट्यावर अडवले. काही लाखांवर सौदा ठरला. रोकड हाताशी नव्हती, म्हणून तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या आणि ट्रक सोडले. तारण! सावकाराने दागिना ठेवून घ्यावा तसं. पुढच्या महिन्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं आणि 12 मार्चला मुंबईत 257 माणसं गेली. त्या खटल्यात पोलीस आणि कस्टमची माणसंही दोषी ठरली. फाट्यावर उभ्या असलेल्या त्या पोलिसाच्या डोक्यात मुंबई नव्हतीच, चांदीचा भाव होता. तुमचा खलनायक मुद्दाम राक्षसी करायची काही गरज नाही.

आणि कागद. हा भाग तुम्हाला कंटाळवाणा वाटेल, पण खोटी चकमक पकडली जाते ती इथेच. पोलीस ठाण्यात प्रत्येक गोष्टीची नोंद होते: कोण किती वाजता निघालं, कुठल्या गाडीने, कुणी कुठलं हत्यार घेतलं. खोटं रचायचं तर या सगळ्या नोंदी एकमेकींना जुळवाव्या लागतात. त्यात नेहमीचे पंच. काही माणसं आयुष्यभर पंच म्हणून सह्या करत असतात, उलटतपासणीत त्यांची जुनी प्रकरणं काढली की घाम फुटतो त्यांना.

लखनभैया प्रकरण घ्या, म्हणजे रामनारायण गुप्ता या संशयित गुंडाला मारलं ते. 11 नोव्हेंबर 2006. पोलिसांचं म्हणणं, वर्सोव्याला नाना-नानी पार्कजवळ संध्याकाळी चकमक झाली. पण त्याला दुपारीच वाशीहून उचललंय अशा तारा आणि फॅक्स त्याच्या वकील भावाने चकमकीच्या आधीच वरिष्ठांना पाठवून ठेवले होते. तारेवर वेळ असायची हो! त्या वेळेने घात केला. 2013 मध्ये सत्र न्यायालयाने 13 पोलिसांसह 21 जणांना जन्मठेप दिली. त्यात सुटलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना मार्च 2024 मध्ये उच्च न्यायालयाने दोषी धरून जन्मठेप सुनावली, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. आणि साक्षीदार? त्या दिवशी लखनभैयाबरोबर उचललेला त्याचा मित्र 2011 मध्ये साक्षीच्या तोंडावर बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेह मिळाला. तुमच्या शेवटच्या भागात गाड्यांचा पाठलाग आहे. त्याऐवजी तार ऑफिसच्या खिडकीशी उभा असलेला, पुढच्या माणसाचे सुटे पैसे मोजून होण्याची वाट बघणारा भाऊ दाखवलात तर माझा तरी श्वास जास्त अडकेल.

मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा, 1999 चा आहे, तेव्हा 1995च्या प्रसंगात कुणाला ‘मकोका लावीन’ म्हणायला लावू नका. ही चूक मी पाहिलीय. त्या कायद्यात पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, एरवी चालत नाही. म्हणून टोळीवाले या कायद्याला टरकतात. त्याच कायद्याच्या कलम 24 मध्ये टोळीला मदत करणाऱ्या सरकारी नोकरालाही शिक्षा आहे, जास्तीत जास्त तीन वर्षं. टोळीवाल्याची शिक्षा पाच वर्षांपासून सुरू होते. तुमच्या साहेबाच्या वकिलाला हा फरक तोंडपाठ असू द्या.

भाषेचं म्हणाल तर खालचे लोक ‘सर’ म्हणत नाहीत, ‘साहेब’ म्हणतात. ‘एन्काऊंटर’ पेपरवाल्यांचा शब्द, कागदावर ‘चकमक’ येते, आणि लायनीत नुसतं ‘गेम’ म्हणायचे. तुमचा इन्स्पेक्टर घरी एकटाच व्हिस्की पितो, तेही काढा. त्याच्या घरी सासू असते, मुलाची दहावी असते आणि क्वार्टर गळत असते.

राहिला शेवट. मारू नका त्याला, जिंकवूही नका. निलंबित करा. आमच्याकडे प्रामाणिक माणसाला गोळी क्वचित लागते, चौकशी लागते. सुरुवातीचे महिने अर्ध्या पगाराएवढा निर्वाहभत्ता मिळतो, आणि रोज मुख्यालयात जाऊन हजेरीच्या वहीत सही करावी लागते. सकाळी रांग असते तिथे. तुमच्या नायकाने दुसऱ्या भागात ज्या शिपायाला हप्त्यावरून निलंबित करायला लावलं, तोच त्याच्या पुढे उभा असू दे. तो सही करेल, मागे वळून बघेल, आणि आपलं पेन पुढे करेल. ‘घ्या साहेब, तिथलं पेन चालत नाही.’