पंधरा इंटरव्यू, दोनशे फॉर्म आणि एक ऐकलेलं रेकॉर्डिंग

पत्र, थोडक्यात: मी बँकेतून निवृत्त झालोय, राहायला बडोद्यात. मुलगी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली मास्टर्स) दुसऱ्या वर्षाला आहे. डेझर्टेशनला, म्हणजे शेवटच्या प्रबंधाला, तिने विषय घेतलाय, मुलं परदेशात आणि म्हातारे आईबाप इथे एकटे. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या पंधरा जणांचे नुसते इंटरव्यू घेणार म्हणते. पंधरा माणसांवरून काय सिद्ध होणार? मी म्हटलं दोनशे फॉर्म भरून घे, एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर वापर, ग्राफ काढ, कुणी बोट ठेवणार नाही. बारावीला गणितात कमी मार्क होते, म्हणून ती आकड्यांपासून पळतेय असं मला वाटतं. मी स्वतः गूगल फॉर्म बनवून सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला तर ती दोन दिवस बोलली नाही. तिचं एक रेकॉर्डिंग मी ऐकलं, त्यात आमच्या ओळखीच्या काकू सुनेबद्दल तक्रार करत होत्या. ह्या गप्पांना रिसर्च म्हणायचं? पुढे बँक पीओ किंवा जीपीएससी (गुजरात सरकारची भरती परीक्षा) करायचंय, त्यात ह्याचा उपयोग काय? सॉफ्टवेअर लागत असेल तर घेऊन देतो, पण तिला समजवा.

नमस्कार,

गणित, सॉफ्टवेअर, बँक पीओ सगळ्याबद्दल सांगते, पण आधी त्या रेकॉर्डिंगचं बोलू, कारण तुम्ही ते एका ओळीत उरकलंय आणि मी नेमकी तिथेच अडकले. त्या काकू तुमच्या मुलीशी बोलल्या त्याआधी तिने सांगितलं असणार की हे अभ्यासासाठी आहे, नाव कुठे येणार नाही, रेकॉर्डिंग माझ्याशिवाय आणि गाइडशिवाय कुणी ऐकणार नाही. बहुतेक एका कागदावर सहीसुद्धा घेतली असेल, त्याला कन्सेंट फॉर्म म्हणतात. त्या भरवशावर बाईंनी सुनेबद्दल तोंड उघडलं. आणि ते ऐकलं तुम्ही, ओळखलंत, आणि मला लिहिताना त्यांचं नाव आणि त्या कुठल्या पोळीत, म्हणजे गल्लीत, राहतात तेही लिहून पाठवलंत. ते मी वर गाळलंय. तुम्ही इतकी वर्षं बँकेत काढलीत, एखाद्या ओळखीच्या खातेदाराचा बॅलन्स घरी येऊन जेवताना सांगितला असतात का? नाही ना, मग हे तसंच आहे, फक्त इथे पासबुकात आकडे नाहीत, घरातलं दुखणं आहे.

रागावू नका, पण मुलगी दोन दिवस बोलली नाही ती फॉर्मवरून असं तुम्हाला वाटतंय, मला नाही वाटत. रेकॉर्डिंगचं तिला कळलंय का ते तुम्ही लिहिलेलं नाही. कळलं नसेल तर आज सांगा. तिला हे गाइडला सांगावं लागेल, आणि बहुधा त्या काकूंनाही सांगून विचारावं लागेल की तुमचा इंटरव्यू ठेवू की काढून टाकू. अवघड वाटेल, पण नंतर कुठल्या लग्नात ही गोष्ट त्यांच्या कानावर फिरून आली तर बडोद्यातल्या मराठी मंडळींत तुमच्या मुलीशी पुन्हा कुणी मोकळं बोलणार नाही, आपलं गाव केवढंसं आहे ते तुम्हाला माहितीच आहे. ह्याच कारणासाठी मी तिला सांगेन की ओळखीतली घरं शक्यतो टाळ. अमक्यांची लेक म्हणून दार पटकन उघडतं, चहा होतो, पण अमक्यांची लेक म्हणूनच अर्धं बोलणं गिळलंही जातं.

आता तुमचा मुख्य आक्षेप, पंधरा माणसांवरून काय सिद्ध होणार. हा गैरसमज मी इतक्या सुशिक्षित लोकांकडून ऐकलाय की त्याला जरा जागा देते. 'बडोद्यातले किती टक्के ज्येष्ठ एकटे राहतात' असा तिचा प्रश्न असता तर तुमचं बरोबर होतं, तिथे पंधरा माणसं हास्यास्पद आहेत आणि खरं सांगायचं तर व्हॉट्सॅप ग्रुपवरचे दोनशे फॉर्मही तितकेच निरुपयोगी आहेत, कारण ते कोण भरणार, तर तुमचे ओळखीचे, स्मार्टफोनवाले, तुमच्यावर माया असलेले. त्याचे टक्के काढले तर ते तुमच्या ग्रुपचे टक्के, शहराचे नाही. पण तिचा प्रश्न 'किती' असा नाहीच, 'कसं' असा आहे. मुलगा गेल्यावर दिवस कसा बदलतो, आजारपणात कुणाला फोन करायचा हे माणूस कसं ठरवतो, वाडा विकायचा विषय निघाला की घरात काय होतं. ह्यासाठी माणसं चिठ्ठ्या टाकून निवडत नाहीत, मुद्दाम वेगवेगळी निवडतात, एखादं जोडपं, एखादी विधवा, एखादे आजोबा ज्यांची मुलगी दरवर्षी येते आणि एखादे ज्यांच्याकडे पाच वर्षांत कुणी फिरकलं नाही. आणि मग नवीन इंटरव्यूतून नवीन काही हाती लागेनासं झालं की थांबतात, त्याला सॅच्युरेशन म्हणतात. २००६ साली ह्यावर एक बराच गाजलेला पेपर आला, घाना आणि नायजेरियातल्या ६० बायकांच्या इंटरव्यूंचा, त्यात बहुतेक सगळे मुद्दे पहिल्या १२ इंटरव्यूंतच येऊन गेले होते. म्हणजे बारा हा जादूचा आकडा आहे असं नाही, त्या बायका बऱ्यापैकी एकसारख्या गटातल्या होत्या आणि विषय आखीव होता, तुमच्या मुलीला पंधराच्या जागी अठरा लागतील किंवा तेराव्यालाच कळेल की झालं. ते गाइडबरोबर ठरतं, बाबांबरोबर नाही.

आणि हे बाहेरून आलेलं फॅड आहे असं वाटत असेल तर आपल्याच बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत १९५१ साली समाजशास्त्राचा विभाग ज्यांनी उभा केला ते एम. एन. श्रीनिवास आठवा. १९४८ मध्ये ते म्हैसूरजवळच्या रामपुरा नावाच्या एका गावात जाऊन राहिले. एकाच गावात, आणि तरी जातीबद्दल देशभर जे बोललं गेलं त्यात त्यांच्या कामाशिवाय पान हलत नाही. (त्यांच्या नीट लावलेल्या नोट्सच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत गेल्या, त्या गावावरचं पुस्तक मोठ्या प्रमाणावर आठवणीतून लिहावं लागलं. मुलीला सांगा, तीन प्रती एकाच खोलीत ठेवू नकोस. आणि बॅकअप पासवर्ड लावून, घरच्या कॉम्प्युटरवर नाही.)

ह्या गप्पा आहेत का? वाईट इंटरव्यू गप्पाच असतो, इथे मी तुमच्या बाजूने आहे. तुमच्या गूगल फॉर्ममधला पहिला प्रश्न तुम्ही मला पाठवलाय, 'तुम्हाला एकटेपणा जाणवतो का, हो किंवा नाही'. आपल्याकडची कुठली आजी ह्याला हो म्हणेल सांगा? मुलगा रोज व्हिडिओ कॉल करतो, सुखात आहोत, असंच लिहिणार, कारण मुलाची बदनामी कोण करेल. त्याऐवजी मुलीने विचारावं, 'काल संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर झोपेपर्यंत काय काय केलंत?' आणि मग गप्प बसावं. समजा आजी म्हणाली, 'काही नाही गं, टीव्ही लावून ठेवते, बघत नाही, आवाज असला म्हणजे बरं, आणि फोन उशाशी घेते, तिकडे सकाळ होते ना तेव्हा तो उठतो'. आता ह्या एका वाक्यात बघा किती आहे, आवाजाची सोबत, झोप मुलाच्या घड्याळाला बांधलेली, आणि तक्रार कुठेच नाही. ट्रान्सक्रिप्टच्या समासात अशा छोट्या खुणा करत जायचं, ह्याला कोडिंग म्हणतात, आणि मग पंधरा ट्रान्सक्रिप्टमधल्या खुणा शेजारी शेजारी ठेवून त्यांचे गट बांधायचे, मोडायचे, परत बांधायचे. ब्राउन आणि क्लार्क ह्या दोघींनी २००६ मध्ये हे सगळं सहा टप्प्यांत मांडलंय, थिमॅटिक अॅनालिसिस नावाने, नवख्या विद्यार्थ्याने तिथूनच सुरुवात करावी. ग्राउंडेड थिअरी (गोळा केलेल्या माहितीतूनच नवा सिद्धांत उभा करणं) वगैरे शब्द डेझर्टेशनच्या मुखपृष्ठावर छान दिसतात म्हणून लावू नयेत, ते वेगळं आणि भारी काम आहे.

कष्टाचं म्हणाल तर एका तासाचं रेकॉर्डिंग शब्दन् शब्द उतरवायला सहज चार ते सहा तास जातात, आणि आपली म्हातारी मंडळी एका वाक्यात मराठी आणि गुजराती दोन्ही बोलतात, ते जसं आहे तसंच लिहायचं, सुधारून शुद्ध करायचं नाही. पंधरा इंटरव्यू म्हणजे नुसतं उतरवायलाच साठ ते नव्वद तास. दोनशे फॉर्म ह्याच्यापुढे पिकनिक आहे. म्हणून गणिताला घाबरून इकडे वळली असेल तर तिचीच फसगत होईल, हे तिला तिच्या तोंडावर सांगायला मी तयार आहे. पण घाबरून वळली हे तुमचं मत आहे, तिचं पत्रात कुठेच नाही. तिला विचारलंत का? बारावीचे मार्क तेविसाव्या वर्षी काढू नका हो.

सॉफ्टवेअर घेऊ नका. एनव्हिवो महाग आहे, आणि ते विचार करून देत नाही, फक्त खुणा सांभाळतं. पंधरा ट्रान्सक्रिप्टना एक्सेल पुरतं, नाहीतर टॅगेट नावाचं फुकटचं आहे. आणि टायपिंग वाचतं म्हणून रेकॉर्डिंग कुठल्याही वेबसाइटवर चढवायचं नाही, कन्सेंट फॉर्ममध्ये ते लिहिलेलं नसेल तर अजिबात नाही.

परीक्षांचं पटकन. बँक पीओला ग्रॅज्युएशन पुरतं, डेझर्टेशनची पद्धत कुणी विचारत नाही. जीपीएससी तिला करायची असेल तर करेल. नेटच्या, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या, पेपर एकमध्ये रिसर्च अॅप्टिट्यूडचं युनिट आहे, त्यात क्वालिटेटिव (तिच्यासारखं, बोलण्यातून) आणि क्वांटिटेटिव (आकड्यांतून) दोन्ही येतं. जेआरएफ, म्हणजे त्याच परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर महिना ३७,००० सुटतात, पीएचडीचा रस्ता बराच सोपा होतो. आणि एमएसडब्ल्यूवाल्याला हॉस्पिटलात, एनजीओत, आरोग्य प्रकल्पात पहिल्या दिवसापासून जे काम पडतं ते माणसाला बोलतं करून नीट नोंदवायचंच असतं. सुरुवातीचे पगार बँकेइतके नसतात हे खरं, ते लपवत नाही. पण एमएसडब्ल्यूचं तिचं दुसरं वर्ष चालू आहे, हा हिशोब तेव्हा मांडायचा होता.

तो गूगल फॉर्म बंद करा आणि आलेली उत्तरं उडवून टाका. गाइडच्या परवानगीशिवाय गोळा केलेली आहेत, ती वापरली तर उलट तिलाच प्रश्न विचारतील, आणि लोकांनी तुम्हाला शेजारी म्हणून भरून दिलीत. आकडे हवेतच असतील तर गाइडला विचारून ती जनगणनेतले ज्येष्ठांचे आकडे पहिल्या प्रकरणात घेऊ शकते, दोन्ही पद्धतींचं भांडण आहे असं कुणी सांगितलंय.

आता मला तिच्याशी बोलायचंय. दोन-तीन इंटरव्यू झाले की तिने थांबावं, सगळे पंधरा एकदम उरकू नयेत, ते उतरवून वाचून बघावं की प्रश्न कुठे फसले, कुठे आपणच जास्त बोललो, आणि प्रश्न बदलावेत. रोज रात्री डायरीत दोन ओळी लिहाव्यात की आज मला कुणाचा राग आला, कुणाची दया आली, कारण ते नंतर अॅनालिसिसमध्ये गुपचूप घुसतं, आणि ह्या विषयात तर घुसणारच, उद्या तीही बाहेर जायचं म्हणू शकते, हे तुमच्याही मनात आहेच, पत्राच्या शेवटी तुम्ही कॅनडातल्या पुतण्याचं उगाच नाही लिहिलंत. तिचे प्रश्न तिने मला पाठवावेत, नावं गाळून, मी बघून देते. आणि ते तिच्या मेलवरून येऊ देत, तुमच्या नको.