जुन्या डीप फ्रीझरला नळ बसवून घरी थंड बिअरची सोय कशी करावी?

जुन्या डीप फ्रीझरच्या बाजूला भोक पाडून बिअरचा नळ बसवावा का, असे आपण विचारले आहे. माझे आग्रहाचे सांगणे आहे की पेटीला भोक पाडू नका. बहुतेक डीप फ्रीझरच्या भिंतींच्या आतूनच गॅसच्या नळ्या फिरवलेल्या असतात आणि ड्रिलचे टोक त्यांतील एकीला जरी लागले, तरी गॅस निघून जाऊन यंत्र निकामी होते. त्याऐवजी सुताराकडून सागवानी फळ्यांची चौकट करून घ्यावी, ती पेटी आणि झाकण यांच्यामध्ये बसवावी, बिजागऱ्या चौकटीला लावाव्यात आणि नळासाठीचे भोक त्या लाकडातच पाडावे.

मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. येथे दारूबंदी असल्याने माझ्या नळाला सोडा येतो. रचना मात्र तीच आहे. आपल्याकडे बंदी नसली तरी परवान्याशिवाय घरी बिअर तयार करणे महाराष्ट्रात गुन्हा आहे, हे आधी ध्यानात घ्यावे.

डीप फ्रीझर उणे १८ अंशांपर्यंत जातो, म्हणजे आत ठेवलेल्या पिंपातील पेय गोठणारच. म्हणून त्याचा प्लग बाहेरच्या टेम्परेचर कंट्रोलरमध्ये (ठरवलेल्या तापमानानुसार वीज चालू-बंद करणाऱ्या उपकरणात) लावून तापमान ४ अंशांवर ठेवावे. सुरुवातीला मी त्याचा तापमान मोजणारा सेन्सर हवेत लोंबता सोडला होता, त्यामुळे झाकण उघडताच कॉम्प्रेसर सुरू होई आणि लगेच बंद पडे. तो पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवल्यावर हा त्रास थांबला. वीज वारंवार जाणाऱ्या आपल्या भागात कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटांचा विलंब ठेवणेही गरजेचे आहे.

पिंपातील पेय नळापर्यंत ढकलण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वायूचा सिलिंडर जोडावा लागतो. बिअरसाठी त्याचा साधारण १० ते १२ पीएसआय (दाबाचे एकक) दाब पुरतो, सोड्याला मात्र ३०च्या आसपास लागतो. नळाजवळची हवा गरम राहिली तर पहिला पेला नुसत्या फेसाचाच भरतो. त्यासाठी आत एक लहान पंखा लावून तळाची थंड हवा वर खेळती ठेवावी.

सर्वांत जास्त काळजी सिलिंडरची घ्यावी लागते. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो. अशा वेळी टिनाच्या शेडमध्ये ठेवलेल्या भरलेल्या सिलिंडरमधील दाब धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो. मी तो पेटीतच उभा ठेवतो. ३० अंशांना सुमारे ७२ बार (हेही दाबाचेच एकक) दाखवणारा सिलिंडरच्या दाबमापकाचा काटा ४ अंशांना सुमारे ३९ बारवर येतो, त्यामुळे सिलिंडर रिकामा झाला असे समजू नये. त्याचे वजन करून पाहावे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास पेटीच्या तळाशी साचतो आणि खाली वाकणाऱ्याचा श्वास कोंडू शकतो. म्हणून प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासावा आणि पिंप बदलण्यापूर्वी झाकण उघडून, बाहेरच्या पंख्याचा झोत काही मिनिटे पेटीत सोडून मगच आत वाकावे. घरातील मुलांना त्या पेटीत डोकावू देऊ नये.