गाऊटवर पूर्वीचे डॉक्टर काय करायचे? तुमचे प्रश्न आणि उत्तरं

गाऊट, म्हणजे रक्तात युरिक ॲसिड वाढून सांधे ठणकतात तो आजार, त्याबद्दल गेल्या काही दिवसांत बरेच मेसेज आलेत आणि त्यातले निम्मे तरी "पूर्वी काय करायचे हो?" असे आहेत. माझा आवडीचा विषय आहे, म्हणून आज तेच घेते.

प्रश्न: वय ४८. परवा रात्री दोनच्या सुमाराला पायाचा अंगठा असा ठणकायला लागला की चादर टेकलेलीसुद्धा सहन होईना. गोळ्या नव्हत्या तेव्हा लोक काय करत असतील?

तुमचं वाचलं आणि थॉमस सिडनहॅम आठवले. लंडनचे डॉक्टर, त्यांना स्वतःला तीस वर्षांहून जास्त काळ गाऊट होता, आणि १६८३ साली त्यांनी जे लिहून ठेवलंय ते अगदी हेच आहे: माणूस धडधाकट झोपतो, रात्री दोनच्या आसपास अंगठ्याच्या कळेने जागा होतो, अंगात कापरं भरतं, पांघरुणाचा भार सोसवत नाही, खोलीत कुणी चाललं तरी त्या धक्क्याने जीव जातो. साडेतीनशे वर्षांत अटॅक काही बदललेला नाही.

उपचारांचं म्हणाल तर तेव्हाची समजूत अशी की शरीरातला दूषित रस थेंबाथेंबाने सांध्यात झिरपतो. गाऊट हा शब्दच मुळात लॅटिनमधल्या 'थेंब' या अर्थाच्या शब्दावरून आलाय. मग तो रस बाहेर काढायचा, म्हणजे शीर कापून रक्त काढायचं, जळवा लावायच्या, जुलाब द्यायचे, उलट्या करवायच्या. सिडनहॅम यांना स्वतःच्या पायावरून कळलं होतं की याने पेशंट आणखी खचतो, त्यामुळे ते म्हणायचे बेताचं खा, बेताचं प्या, लवकर झोपा, बरं असाल तेव्हा घोड्यावर बसून फिरा. पुढच्या शतकातही पाय फ्लॅनेलमध्ये गुंडाळून उंच ठेवायचा आणि धीर धरायचा, हाच सल्ला बहुतेकांच्या वाट्याला आला. आणखी एक घातक समजूत होती, की गाऊट पायात आहे तोवर बरं, तो दाबला तर पोटात नाहीतर छातीत जाईल, त्यामुळे कितीतरी लोकांची कळ थांबवायचा कुणी प्रयत्नच केला नाही. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

प्रश्न: डॉक्टरांनी कोल्चिसिन दिलंय. मुलगा म्हणतो हे खूप जुनं औषध आहे. खरं का?

खरंय, आणि गाऊटच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. सहाव्या शतकात अलेक्झांडर ऑफ ट्रॅलीज नावाचे बायझंटाईन वैद्य गाऊटला हर्मोडॅक्टिल नावाचा कंद द्यायचे, हा कंद कोल्चिकमच्या, म्हणजे ज्या वनस्पतीपासून कोल्चिसिन मिळतं तिच्या जातीतला मानला जातो. आपल्याकडे युनानी हकीम जे सुरंजान वापरतात तेही त्याच कुळातलं. म्हणजे औषध हातात होतं! पण एका कंदात किती अर्क आहे ते कळायला मार्ग नव्हता, जरा जास्त झालं की रक्ताचे जुलाब आणि मृत्यू, म्हणून युरोपातल्या डॉक्टरांनी ते कित्येक शतकं जवळपास टाकूनच दिलं. १७६३ साली व्हिएन्नाच्या श्टोर्क यांनी कोल्चिकम परत आणलं, पण ते जलोदरासाठी. मग एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने, हुसाँ त्यांचं नाव, गाऊटवरचं 'ओ मेदिसिनाल' नावाचं गुप्त औषध विकायला काढलं, लोकांना खरोखर उतार पडायचा पण त्यात काय आहे ते सांगत नव्हते. १८१४ मध्ये जॉन वाँट या इंग्लिश सर्जननी ते कोल्चिकमच आहे असं दाखवून दिलं. १८२० ला पेलतिए आणि काव्हाँतू यांनी त्यातला अल्कलॉईड, म्हणजे गुण देणारं रसायन, वेगळा काढला, १८३३ मध्ये त्याला कोल्चिसिन नाव मिळालं, आणि तेव्हा कुठे मोजून डोस देणं शक्य झालं.

अगदी अलीकडेपर्यंत पद्धत अशी होती की दर तासा-दोन तासांनी गोळी घ्यायची, दुखणं थांबेपर्यंत नाहीतर जुलाब लागेपर्यंत. २०१० मध्ये छापून आलेल्या ट्रायलमध्ये दिसलं की अटॅकच्या सुरुवातीलाच घेतलेला कमी डोस तेवढंच काम करतो आणि पोटही खूपच कमी बिघडतं. त्यामुळे कृपा करून स्वतःच्या मनाने गोळ्या वाढवू नका. किडनीचा त्रास असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

आणि कोकणातल्या वाचकांना हात जोडून एक सांगते. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फुलणारं कळलावीचं फूल तुम्ही पाहिलेलं असेल, तिच्या कंदात आणि बियांतही कोल्चिसिनच असतं. "गाऊटचं औषध आहे" म्हणून तो कंद उगाळून कुणीही घेऊ नका, त्याने माणसं दगावलेली आहेत.

प्रश्न: आयुर्वेदातलं वातरक्त म्हणजेच गाऊट ना?

बरंच जुळतं, पण शंभर टक्के एकच नाही, वातरक्तात सांध्यांचे इतर आजारही बसतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात २९ वा अध्याय वातरक्ताचाच आहे. त्याचं दुसरं नाव आढ्यवात, आढ्य म्हणजे श्रीमंत, तेव्हा सुखवस्तू माणसाचा रोग ही समजूत इथेही होती. गुळवेल, एरंडेल, जळवा, तुंबडी हे सगळं त्यात आहे. मला विशेष वाटतं ते हे, की अंग सुकत चाललंय, वात वाढलाय अशा पेशंटचं रक्त काढू नका असं तिथे स्पष्ट बजावलंय. कुणाला काय करू नये हे लिहून ठेवणं ही मोठीच गोष्ट आहे.

प्रश्न: आईला ६३ व्या वर्षी गाऊट निघाला. बायकांना होत नाही म्हणतात ना?

पाळी थांबेपर्यंत सहसा होत नाही, हे प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिस यांच्या सूत्रांतच आहे. कारण नंतर कळलं, इस्ट्रोजेन असेपर्यंत किडनी युरिक ॲसिड जास्त बाहेर टाकते. बीपीसाठी पाणी काढणारी गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा, तिनेही युरिक ॲसिड वाढू शकतं.

प्रश्न: लॅब नव्हत्या तेव्हा युरिक ॲसिड कसं मोजायचे?

दोऱ्याने! लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी १८४८ मध्ये गाऊटच्या पेशंटच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेलं असतं हे दाखवलं. मग त्यांनी सोपी टेस्ट काढली: पसरट काचेच्या बशीत रक्ताचं सीरम, त्यात थोडं ॲसेटिक ॲसिड, आणि एक-दोन लिननचे धागे बुडवून दीड-दोन दिवस झाकून ठेवायचं. युरिक ॲसिड जास्त असेल तर धाग्यावर खडीसाखरेसारखे बारीक क्रिस्टल्स धरतात. पुढे ते विरघळवायला त्यांनी लिथियमचे क्षार सुचवले, काचेत ते विरघळायचेही, पण शरीरात तेवढं लिथियम देणं धोक्याचं, त्यामुळे गाऊटला त्याचा उपयोग झाला नाही.

प्रश्न: बाबांना वर्षभर अटॅक नाही, ॲलोप्युरिनॉल बंद केलं तर?

करू नका. गरट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज कॅन्सरच्या एका औषधाचा परिणाम टिकावा म्हणून ॲलोप्युरिनॉलच्या रेणूवर काम करत होते, त्यात युरिक ॲसिड तयार होणंच कमी होतं असं दिसलं, आणि १९६० च्या दशकात ते गाऊटसाठी आलं. दोघांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. त्याआधीचे बहुतेक डॉक्टर अटॅक आल्यावर धावत होते, हे औषध अटॅकचं मूळ कमी करतं, पण घेत राहिलं तरच. तुमच्या बाबांना अटॅक येत नाहीये तो गोळी चालू आहे म्हणून. फक्त अंगावर पुरळ उठलं तर गोळी लगेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.