इंग्लंडच्या प्राथमिक शाळेत धर्माचा तास असतो म्हणे. मुलीला त्याला बसवावं का?

प्रश्न असा आहे: "आम्ही ऑगस्टमध्ये पुण्याहून लेस्टरला जातोय. मुलगी सात वर्षांची आहे. तिथे 'रिलिजियस एज्युकेशन' हा विषय सक्तीचा असतो असं कळलं. म्हणजे ख्रिश्चन धर्म शिकवतात का? त्यातून तिला वगळता येतं का, आणि वगळावं का?"

वगळता येतं. माझं ऐकाल तर वगळू नका.

मी मूळची वाई तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. गेली अकरा वर्षं इंग्लंडात मिडलंड्स भागात प्राथमिक शिक्षिका आहे आणि हा 'आर. ई.'चा तास दर आठवड्याला घेते. त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

1944 च्या शिक्षण कायद्याने हा विषय सक्तीचा केला. तेव्हा त्याचं नाव 'रिलिजियस इन्स्ट्रक्शन' होतं आणि बहुतेक ठिकाणी तो बायबलपुरताच असे. 1988 च्या कायद्याने 'इन्स्ट्रक्शन' जाऊन 'एज्युकेशन' आलं. देशातल्या धार्मिक परंपरा मुख्यतः ख्रिश्चन आहेत हे अभ्यासक्रमात दिसलं पाहिजे, पण इथल्या इतर प्रमुख धर्मांचीही दखल घेतली पाहिजे, अशी त्यात अट आहे. गंमत म्हणजे विषय सक्तीचा असूनही तो राष्ट्रीय अभ्यासक्रमात नाही. तो प्रत्येक भागाची कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक पालिका, आपापला ठरवते. त्यासाठी 'सॅक्रे' नावाचं सल्लागार मंडळ असतं. त्यात चार गट: एक चर्च ऑफ इंग्लंडचा, एक बाकीची चर्च आणि इतर सगळे धर्म मिळून, एक शिक्षक संघटनांचा, एक कौन्सिलचा. दर पाच वर्षांनी अभ्यासक्रम पुन्हा तपासावा लागतो. या मंडळाच्या बैठकांना कुणीही जाऊन बसू शकतं. आपली माणसं मात्र तिथे फारशी दिसत नाहीत. गणपतीच्या आरतीला हॉल भरतो, इथे खुर्च्या रिकाम्या.

लेस्टर तर या बाबतीत वेगळंच गाव. 2021 च्या जनगणनेत तिथे ख्रिश्चन साधारण 25 टक्के, मुस्लिम साडेतेवीस, हिंदू 18 आणि कुठलाच धर्म न मानणारे 23 टक्के निघाले. तुमची मुलगी वर्गात एकटी पडेल ही भीती तिथे तरी सोडा.

एक गोष्ट मात्र प्रवेश घेण्याआधी बघा. इंग्लंडमधल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांपैकी जवळजवळ एक तृतीयांश शाळा धर्मसंस्थांशी जोडलेल्या आहेत. नावात 'सी ऑफ ई' (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड) किंवा 'कॅथलिक' असेल तर आर. ई.मध्ये काय शिकवतात हे थेट मुख्याध्यापकांना विचारा, कारण अशा काही शाळा तो विषय आपल्याच धर्माच्या अंगाने शिकवू शकतात. बाकीच्या शाळांत तुम्ही घाबरताय तसं काही नसतं.

आर. ई. आणि असेंब्ली या दोन गोष्टींतही गल्लत करू नका. रोजच्या सामूहिक प्रार्थनेचा कायदा वेगळा आहे आणि ती प्रामुख्याने ख्रिश्चन धाटणीची असावी असं त्यात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात अनेक शाळांत एक गोष्ट, एक गाणं आणि मिनिटभर डोळे मिटून शांत बसणं एवढंच होतं. या दोन्हींतून मुलाला वगळायचा हक्क पालकांना आहे, दोन्हींतून किंवा फक्त एकातून. कारण द्यावं लागत नाही, मुख्याध्यापकांना चिठ्ठी दिली की झालं. पण शाळेवर जबाबदारी असते ती मुलाला सांभाळायची, दुसरं काही शिकवायची नाही. म्हणजे सगळा वर्ग गोष्ट ऐकत असताना तुमची मुलगी ऑफिसबाहेर चित्र रंगवत बसणार. आणि मधल्या सुट्टीत मुलं तिला विचारणार, तू का नव्हतीस?

नाताळातल्या नाटकाचंही आताच सांगून ठेवते. माझा मुलगा पहिल्या वर्षी त्यात मेंढी झाला होता. मी भीतभीतच आईला व्हिडिओ पाठवला. आई वारकरी, गळ्यात माळ. तिचं उत्तर आलं, "कान नीट शिवले नाहीस, एक लोंबतोय."

आता तासाबद्दल. तिसरी-चौथीच्या वयाला आम्ही पाठ शिकवतो तो 'माणसं असं का करतात' या अंगाने. खरं काय, खोटं काय, हा प्रश्न बाईंनी सोडवायचा नसतो. कुराण दाखवायचं तर हात धुऊन, ते रेहाल या घडीच्या लाकडी स्टँडवर ठेवून. का, तर ज्यांना ते प्रिय आहे ते तसं करतात. एवढं पुरतं. सात वर्षांच्या मुलाला ते लगेच कळतं, कारण त्याच्याकडेही कुणी हात लावू नये असं एखादं खेळण्यातलं मळकं अस्वल असतंच.

अडचण निराळीच असते. तयार पाठ्यसाहित्यात हिंदू धर्म म्हणजे उत्तरेकडचा नाहीतर गुजराती. दिवाळी म्हणजे राम-सीता अयोध्येला परतले म्हणून दिवे लावले, रांगोळी, मिठाई, संपली दिवाळी. पहिल्या वर्षी मीही तो छापील कागद तसाच शिकवला. वर्गात एक मराठी मुलगा होता, तो तासभर गप्प. मधल्या सुट्टीत हळूच येऊन म्हणाला, "मिस, आमच्याकडे पायाखाली काहीतरी फोडतात." कारीट! त्याची आई इथे कारीट कुठून आणणार, ती काकडीचा तुकडा ठेवायची. नरकचतुर्दशीला तुळशीपुढे कारीट फोडून, ते कडू बोट जिभेला लावून मी मोठी झाले आणि वर्गात नरकासुराचं नावही काढलं नव्हतं. त्या पोराला वाटलं असणार, आपल्या घरची दिवाळीच चुकीची.

पुढच्या वर्षापासून मी फळ्यावर 'हिंदू असं करतात' असं लिहिणं बंद केलं. 'काही हिंदू', 'पुष्कळ हिंदू', 'या वर्गातली एक मुलगी' असं लिहिते. मग गुजराती मुलगी चोपडापूजनाचं सांगते, आणि शीख मुलगा सांगतो की त्यांच्याकडे त्या दिवशी गुरू हरगोविंद ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून सुटले. बौद्ध धर्माचंही तेच. पुस्तकात बोधिवृक्ष असतो, तिबेटी भिक्खू असतात, पण 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो माणसांनी दीक्षा घेतली याचा पत्ता नसतो. आणि बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते तेव्हा राहिलेलं घर किंग हेन्रीज रोडवर उभं आहे, महाराष्ट्र सरकारने ते 2015 मध्ये विकत घेतलंय. मी माझ्या पाठात घालते. छापील कागदात कधी येईल तेव्हा येईल.

म्हणून मुलीला एकच वाक्य शिकवून पाठवा: "माझ्या घरी असं करतात." तिला साऱ्या हिंदू धर्माची वकील करू नका. काही शिक्षक नकळत तसं करतात, वर्गात एकच हिंदू मूल दिसलं की सगळ्या माना त्याच्याकडे वळतात. गायीपासून पुनर्जन्मापर्यंत सगळं त्यालाच विचारतात. मग मूल घाबरून "आय डोन्ट नो, मिस" म्हणतं. तसं झालं तर शाळेला सांगा, इथे पालकांनी बोललेलं ऐकून घेतात.

सहली असतात: चर्च, गुरुद्वारा, देऊळ, मशीद. मी एका शाळेत असताना मशिदीच्या सहलीच्या दिवशी काही मुलांची पोटं अचानक दुखायला लागत. त्यात आपली मराठी पोटंही होती, हे लिहिताना बरं वाटत नाही. तिथे कुणी नमाज पढायला लावत नाही. बूट काढा, शांत बसा, प्रश्न विचारा, एवढंच असतं. देवळात प्रसाद पुढे आला आणि एखाद्या मुस्लिम मुलाला तो घ्यायचा नसेल तर 'नो, थँक यू' कसं म्हणायचं, आणि देणाऱ्याने ते मनाला कसं लावून घ्यायचं नाही, याचा सराव आम्ही आधी वर्गात बिस्किटावर करतो. तो माझा सगळ्यात आवडता तास.

2022 च्या सप्टेंबरमध्ये लेस्टरमध्ये हिंदू आणि मुस्लिम तरुणांचे जमाव समोरासमोर आले, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. माझी शाळा तिथून लांब, तरी एका मुलाने विचारलं, "आता मी त्याच्या शेजारी बसायचं नाही का?" अशा वेळी तो छापील कागद कामाचा नसतो. ते दोघं आधी तीन आठवडे एकत्र डबा खात होते, तेवढंच कामी आलं.

आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम 28 नुसार पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. त्यामागचं कारण मला मान्य आहे. पण माझ्या लहानपणीच्या शाळेत त्याचा अर्थ 'एकमेकांबद्दल काही विचारायचंच नाही' असा होऊन बसला होता. मागच्या बाकावरची मैत्रीण ईदनंतर डबा भरून शिरखुर्मा आणायची. आम्ही तो चाटूनपुसून संपवायचो. रोजा कधी धरतात, कधी सोडतात, हे तिला एकदाही विचारलं नाही. ते मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी, इथे पाठाची तयारी करताना कळलं.

या विषयाचं सगळं छानच चाललंय असं नाही. आठवड्याला जेमतेम तासभर मिळतो. परीक्षा जवळ आल्या की आधी त्यालाच कात्री लागते, आणि शिकवणाऱ्याला स्वतःला विषय आवडत नसेल तर मुलं नुसते मेणबत्तीचे कागद रंगवतात. शाळा बघायला जाल तेव्हा भिंतीवर मुलांचं आर. ई.चं काम लावलंय का पाहा, म्हणजे अंदाज येईल. तुमच्या कौन्सिलचा अभ्यासक्रमही शाळेकडे मागा, देतात.

आणि येताना उटण्याची दोन पाकिटं जास्तीची टाका. दिवाळीच्या सुमारास शाळा तुम्हाला वर्गात बोलावणारच, आणि वासाने जे काम होतं ते माझ्या फळ्याने होत नाही.