बिनपगारी काम करावं, पण कुठलं?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन एकत्रच छापते आहे. तिघांनाही एकच गोष्ट विचारायची आहे : पगार न घेता केलेलं काम पुढे नोकरी मिळवताना उपयोगी पडतं का? माझी उमेदीची सगळी वर्षं सामाजिक संस्थांच्या हिशेब विभागात गेली, पुढे तिथल्याच नेमणुकांच्या मुलाखतीही मी घेतल्या. त्यामुळे पहिल्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देते.

प्रश्न : ताई, मी कराडजवळच्या गावचा. २०२४ साली बी.कॉम. झालो, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा आणि जीएसटीचा कोर्स केला. कराड, सातारा, पुणे सगळीकडे मुलाखती दिल्या. पहिला प्रश्न ठरलेला, "अनुभव किती?" कॉलेजात एनएसएसला होतो, त्याचं प्रमाणपत्र कुणी उघडूनसुद्धा बघत नाही. आमचे सर म्हणाले, एखाद्या संस्थेत विनामोबदला हिशेबाचं काम कर. पण संस्थेचे लोक मला वह्यांना हात लावू देतील का? आणि ते अनुभव म्हणून धरलं जाईल का? घरचं दुकान आहे, दुपारपर्यंत तिथं बसावं लागतं. – स. पा.

उत्तर : सरांनी चांगला सल्ला दिला. एनएसएसचे दोन वर्षांतले २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर यावरून तू मनापासून राबतोस एवढं कळतं. बँकेचा ताळमेळ, म्हणजे वहीतल्या नोंदी पासबुकाशी जुळवणं, तुला जमतो की नाही, ते त्यातून कळत नाही. म्हणून आता तुझ्या विद्येतलंच काम निवड. झाडं लावणं, रॅलीत चालणं हे मोलाचंच आहे, पण नोकरी हिशेबाची हवी असेल तर सेवाही हिशेबाचीच दे.

त्यासाठी पुण्यातली नावाजलेली संस्था शोधायची गरज नाही. तुझ्याच तालुक्यात सार्वजनिक वाचनालय असेल, एखादं वसतिगृह, देवस्थान, रुग्णांना साहित्य देणारं मंडळ असेल. महाराष्ट्रात शासनमान्य वाचनालयंच दहा हजारांहून जास्त आहेत. अशा बहुतेक संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. दर ३१ मार्चला हिशेब बंद करायचे, लेखापरीक्षण करून घ्यायचं, ताळेबंद अनुसूची आठच्या नमुन्यात आणि उत्पन्न-खर्च नऊच्या नमुन्यात द्यायचा, हे त्यांना चुकत नाही. आता ८०-जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट मिळण्याची, सवलत असलेल्या संस्थांना २०२२ पासून दरवर्षी ३१ मेपर्यंत देणगीदारांचं विवरण आयकर खात्याला ऑनलाइन द्यावं लागतं : नाव, पॅन, रक्कम, रोख की चेक. २०१४ पासून कंपन्यांचा सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी कायद्याने सुरू झाला, तो जिथे येतो तिथे प्रत्येक प्रकल्पाचा खर्च वेगळा दाखवून, पैसे ठरल्या कामावरच गेले असं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. आणि हे सगळं सांभाळायला छोट्या संस्थेत कोण असतं? एखादे निवृत्त गुरुजी सचिव, आणि अर्धवेळ लिपिक. कामाला माणूस मिळत नाही म्हणून तिथली चांगली माणसं अक्षरशः थकून जातात. तू गेलास तर उपकार मागायला गेलास असं समजू नकोस.

जाशील तेव्हा मात्र "काहीही काम सांगा" असं म्हणू नकोस. तुझ्यासाठी काम शोधणं हे त्या सचिवांना आणखी एक काम होऊन बसतं. सरळ असं सांग : "मला टॅली येतं. गेल्या वर्षाचा बँक ताळमेळ अडला असेल तर तो करून देतो. आठवड्यातून तीन दिवस, चार ते सहा. लेखापरीक्षणाआधी पूर्ण करतो." एकच काम, त्याची हद्द ठरलेली, शेवटची तारीख ठरलेली. ताळमेळ नको असेल तर देणगी पावत्यांवरून देणगीदारांची यादी पॅनसह तयार करून दे. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही, कपाटातल्या वस्तूंशी पडताळून दे. टॅलीत प्रकल्पवार कॉस्ट सेंटर, म्हणजे प्रत्येक प्रकल्पाच्या खर्चाचे वेगळे कप्पे, पाडून दे. हे शेवटचं जमलं तर फारच उत्तम, कारण कंपन्यांतही ते रोज लागतं आणि कोर्समध्ये ते एका दुपारी उरकलेलं असतं. एप्रिल ते सप्टेंबर हा जाण्याचा खरा काळ. तेव्हा संस्थांना माणसाची गरज सर्वांत जास्त असते.

वह्यांना हात लावू देतील का, ही तुझी शंका रास्त आहे. पहिल्या दिवशी कुणी देणार नाही, आणि देऊही नये. तूच आधी सांग की मला बँकेच्या पासबुकाची प्रत आणि व्हाउचर पुरेत. रोकड, चेकबुक, ऑनलाइन बँकिंगचा पासवर्ड, अध्यक्षांची डिजिटल सही यांतलं काहीही ताब्यात घेऊ नकोस. कुणी विश्वासाने दिलं तरी नम्रपणे परत कर. गावात पैशावरून एकदा शंका आली की ती वर्षानुवर्षं पुसली जात नाही, आणि सोसावी लागते ती सर्वांत नव्या माणसाला.

आता महत्त्वाचं. काम सुरू होण्याआधी ठरव की ते तपासणार कोण. संस्थेचा हिशेब तपासणाऱ्या सीएंना किंवा त्यांच्या कार्यालयातल्या सीनियरना तुझा ताळमेळ दाखवण्याची परवानगी सचिवांकडून घे. त्यांनी लाल पेनाने खुणा केल्या की त्या दुरुस्त कर, कागद जपून ठेव. मला विचारशील तर या सगळ्यात सर्वांत मोठा लाभ हा आहे. तालुक्याच्या सीए कार्यालयांना टॅली नीट येणारी मुलं सतत हवी असतात, आणि ज्याचं काम डोळ्यांखालून गेलंय त्याला ते आधी बोलावतात. पहिली नोकरी बऱ्याचदा जाहिरातीतून मिळत नाही, अशा टेबलावरून मिळते.

काम संपलं की पत्र माग. "श्री. अमुक यांनी आमच्या संस्थेत उत्तम सेवा केली, त्यांच्या भावी आयुष्यास शुभेच्छा" या पत्राचा काही उपयोग नाही. मजकूर तूच लिहून ने, सचिव तपासून सही करतील : कुठल्या वर्षाचं काम, किती बँक खाती, किती महिन्यांचा ताळमेळ, न जुळणाऱ्या किती नोंदी सोडवल्या, काम कुणी तपासलं. देणगीदारांची नावं, रकमा त्यात नकोत. बायोडेटात "अकाउंटंट" असं पद लिहू नकोस; "स्वयंसेवक, हिशेब विभाग" असंच लिही आणि खाली केलेलं काम दे.

मुलाखतीत धरतात का, म्हणतोस. मी उमेदवाराला प्रमाणपत्राबद्दल फार विचारत नसे. विचारत असे, "ताळमेळ जुळत नव्हता तेव्हा फरक कुठे सापडला?" ज्याने काम केलंय तो लगेच बोलू लागतो : चेक दिला पण बँकेत वटायला आलाच नव्हता, बँकेने कापलेले चार्जेस रोजकीर्दीत घेतले नव्हते, ५४० चे ४५० लिहिले गेले होते. अंकांची अशी अदलाबदल झाली की फरकाला नऊने नि:शेष भाग जातो, हे ज्याने स्वतः शोधून काढलंय त्याच्या तोंडून ऐकताना मुलाखत घेणाऱ्याची खात्री पटते. दोन वर्षं अनुभव मागणारी जागा तुला यातून मिळेल असं मी म्हणणार नाही. पहिली जागा मिळेल. दुकान सोडू नकोस, आठवड्याला सहा-आठ तासांवर जाऊ नकोस, आणि एक काम संपल्याशिवाय दुसरं घेऊ नकोस.

प्रश्न : नमस्कार ताई. लग्नाआधी आणि नंतर काही वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते. मुलीच्या जन्मानंतर नोकरी सोडली, आता ती तिसरीत आहे. मधल्या काळात वस्तीतल्या मुलांना शनिवारी शिकवते. हे बायोडेटात लिहू का? की परत येण्यासाठी दुसरं काही करावं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : लिहा, एका ओळीत. ते काम तुम्ही मुलांसाठी करता आहात, ते तसंच चालू राहू दे. नोकरीचं ओझं त्याच्यावर टाकू नका.

परत येण्यासाठी तुमची जुनी विद्याच कुणाच्या तरी कामी आणा. सामाजिक संस्थांची संकेतस्थळं बहुधा कुणा ओळखीच्याने करून दिलेली असतात, त्यांचं टेस्टिंग झालेलं नसतं. एखाद्या संस्थेची लेखी परवानगी घेऊन तिचं संकेतस्थळ अंध व्यक्तीला वापरता येतं का, ते तपासा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, मोफत आहे, मराठीही वाचतो. माउस बाजूला ठेवा आणि फक्त कीबोर्डवर देणगीच्या फॉर्मपर्यंत पोहोचून बघा. चित्रांना वर्णन आहे का, फॉर्मच्या रकान्यांची नावं वाचली जातात का, ओटीपीची मुदत ऐकणाऱ्याला पुरते का, चूक झाली तर ती कुठे झाली हे कळतं का? पैसे प्रत्यक्ष जातील अशी चाचणी करू नका, आणि सुरक्षेच्या बाबी न विचारता चाचपडू नका. मग नेहमीसारखा दोष-अहवाल लिहा : पायऱ्या, अपेक्षित काय, घडलं काय, गांभीर्य किती. संस्थेने दुरुस्त्या केल्या की पुन्हा तपासा. संस्थेची हरकत नसेल तर हा अहवाल मुलाखतीत पुढे ठेवता येतो. दिव्यांगांना संकेतस्थळं वापरता यावीत याची काळजी आता मोठ्या कंपन्यांनाही घ्यावी लागते, त्यामुळे या बाजूचं ज्ञान तुम्हाला नव्या मुलांच्या पुढे नेऊ शकतं.

भाषेची आवड असेल तर फायरफॉक्सचं मराठी रूप स्वयंसेवक पाँटून नावाच्या व्यासपीठावर तयार करतात, तिथे जा. तुम्ही केलेली प्रत्येक ओळ तिथे तुमच्या खात्याखाली दिसते, वेगळं पत्र लागत नाही. मधली वर्षं लपवू नका. "मुलीसाठी थांबले होते" हे एक वाक्य पुरे, त्याची क्षमा मागू नका.

प्रश्न : माझ्या मुलीने ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा केला. पुण्यातली एक जाहिरात कंपनी म्हणते, सहा महिने सकाळी दहा ते सात या, पगार नाही, व्हॉलंटिअर म्हणून अनुभवाचं पत्र देऊ. राहण्याचा खर्च आमचा. पाठवू का? – एक वडील, अकोला

उत्तर : नको. ती जे डिझाइन करील त्याचं बिल कंपनी गिऱ्हाइकाला लावणार. नफ्याच्या धंद्यात पूर्ण वेळ फुकट राबणं याला मी सेवा म्हणणार नाही, आणि त्यासाठी तुम्ही पदरचं खोलीभाडं भरणं मला पटत नाही. शिकायचंच असेल तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली उमेदवाराला विद्यावेतन मिळतं. राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा पदविकाधारकांना महिना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये ठरवले होते. अकोल्यातल्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात मुलीला घेऊन जा, सध्या कुठल्या जागा आहेत ते विचारा आणि महास्वयम संकेतस्थळावर तिची नोंदणी करून घ्या. तोवर तिला घरी राहूनच एखाद्या ग्रंथालयाचा किंवा रक्तपेढीचा माहितीपत्रक-संच करून देऊ दे, स्वतःच्या वेळात आणि स्वतःच्या नावासह. कंपनीने पुन्हा फोन केला तर मुलीलाच बोलू द्या. तिने विद्यावेतन किती, हे विचारावं आणि उत्तर ईमेलवर मागावं.