पाळणा ट्रकवर चढायच्या आधी

प्रश्न : गावच्या यात्रेत माझी नऊ वर्षांची मुलगी 'ब्रेक डान्स' नावाच्या गरगर फिरणाऱ्या पाळण्यात बसली. पुढचा दांडा सुटून ती बाहेर फेकली गेली, मनगटाचं हाड मोडलं. दांड्याची खिट्टी तुटकी होती, तारेनं बांधलेली. मालक पाच हजार रुपये आणि 'माझी तक्रार नाही' असा स्टॅम्पपेपर घेऊन घरी आला. तिकिटावर 'आपल्या जबाबदारीवर बसावे' असं छापलंय. यात्रा परवा संपतेय. काय करू?

उत्तर : परवा यात्रा संपते, हेच तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. पाळणा उतरवला की ती तार गेली आणि मालकही गेला. म्हणून आजच पोलीस ठाणं गाठा. हाड मोडणं ही कायद्याने 'गंभीर दुखापत' आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आणि यंत्राबाबतच्या हलगर्जीपणाचं कलम २८९, दोन्ही इथे लागतात. फिर्यादीत तार आलीच पाहिजे. पंचनामा पाळणा उभा असतानाच करा, अशी मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. टाळाटाळ झाली तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा.

सही करू नका. प्लास्टर निघून हात नीट वळतो की नाही हे कळायच्या आत हिशेब मिटवायची घाई मालकाला असते, तुम्हाला नसावी.

तिकिटावरच्या ओळीला घाबरू नका. गरगरून उलटी झाली तर ती तुमची जबाबदारी. तुटकी खिट्टी नव्हे.

पाळण्यांसाठी केंद्राचा वेगळा कायदा नाही. आपल्याकडे परवानगी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खालच्या नियमांनुसार मिळते. त्या फाइलीत मालकाचं नाव-पत्ता असतो, यंत्र तपासल्याचा दाखलाही असायला हवा. परवानगी देणाऱ्या कार्यालयाकडे माहिती अधिकारात दहा रुपये शुल्काच्या अर्जाने नक्कल मागा. दाखलाच नसेल तर तुमचं अर्धं काम झालं. असेल तर तो कोणत्या तारखेचा आणि याच जागेवर उभारणी झाल्यावरचा आहे का, ते बघा. कारण पाळणा दर गावी खोलून पुन्हा जोडला जातो.

भरपाईसाठी तुमच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जा. मालक परगावचा असला तरी तक्रार तुम्ही राहता तिथे चालते. तक्रार कोणत्या पातळीच्या आयोगात जाते ते आणि शुल्क, दोन्ही मोजलेल्या पैशांवर ठरतं, म्हणजे तुमच्या तिकिटावर. त्यामुळे शुल्क शून्य. जागा भाड्याने देणाऱ्यांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष करा. आणि ते तिकीट धुवायच्या शर्टात राहू देऊ नका.